फोकस भलत्याच विंडोत जातोय? आधी कोण पळवतंय ते शोधा

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकत होतो, अर्धा टाकून झाला आणि तेवढ्यात एका चॅट अॅपची विंडो वर आली, उरलेली अक्षरं आणि शेवटचं एंटर तिकडे गेलं, म्हणजे अर्धा पासवर्ड समोरच्याला पोचला पण. पासवर्ड लगेच बदलला, पण तेव्हाच ठरवलं की हे फोकसचं, म्हणजे टाइप केलेलं कुठल्या विंडोत जाणार त्याचं, प्रकरण एकदा मुळापासून बघायचं.

तुम्ही लिनक्सवर कुठलाही विंडो मॅनेजर (विंडो मांडणारा आणि फोकस देणारा प्रोग्राम) वापरत असाल आणि टाइप करताना फोकस मध्येच निसटत असेल तर सेटिंग्जमध्ये हात घालायच्या आधी तो कशामुळे हलतोय ते बघा. कारणं बहुतेक वेळा तीनच असतात, माऊस, नवीन उघडलेली विंडो, नाहीतर आधीपासून चालू असलेलं अॅप जे स्वतःहून पुढे यायला मागतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि चुकीच्या ठिकाणी उपाय केला तर मूळ त्रास तसाच राहतो, वर दुसरं काहीतरी बिघडतं.

बघायचं कसं? एक्स-११ (लिनक्सवर विंडो दाखवणारी जुनी यंत्रणा) असेल तर टर्मिनल उघडा आणि एक्सप्रॉप ही कमांड रूट आणि स्पाय हे दोन ऑप्शन देऊन चालवा, पुढे प्रॉपर्टीचं नाव द्या नेट अॅक्टिव्ह विंडो, सगळं कॅपिटलमध्ये, सुरुवातीला अंडरस्कोर आणि शब्दांच्या मध्येही अंडरस्कोर. आता ही विंडो कोपऱ्यात ठेवून नेहमीचं काम करा. फोकस हलला की तिथे एक नवीन ओळ पडते, त्यात विंडोचा आयडी असतो. तोच आयडी परत एक्सप्रॉपला आयडी ऑप्शनने दिला की डब्ल्यूएम क्लास नावाची ओळ मिळते, तिच्यात दोन नावं असतात, त्यातलं दुसरं म्हणजे अॅपचा क्लास, तो लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. आयडीच्या जागी झिरो एक्स झिरो आलं तर त्या क्षणी कुठलीच विंडो अॅक्टिव्ह नाही, कीबोर्डवर काही दाबलं तरी काहीच उमटत नाही ते बऱ्याचदा यामुळे. वेलँडवर (एक्स-११ च्या जागी आलेली नवी यंत्रणा) एक्सप्रॉपला फक्त एक्सवेलँडमधून, म्हणजे एक्स-११ साठीची अॅप तिथे चालवणाऱ्या सोयीतून, चालणाऱ्या विंडो दिसतात, त्यामुळे तिथे विंडो मॅनेजरलाच विचारावं लागतं, स्वे या वेलँडवरच्या विंडो मॅनेजरमध्ये स्वेमेसेज कमांडने सबस्क्राइब करून विंडोचे इव्हेंट बघता येतात, आय-थ्री या एक्स-११ वरच्या विंडो मॅनेजरमध्ये पण तशीच सोय आहे.

आता माऊस. फोकस माऊसच्या मागे जायचं सेटिंग चालू असेल तर एक गोष्ट समजून घ्या, माऊसला हात न लावताही फोकस उडू शकतो. पॉइंटर जागेवरच असतो पण त्याच्या खालची विंडो बंद होते किंवा तुम्ही वर्कस्पेस (विंडोंचा वेगळा पडदा) बदलता, मग खाली दुसरी विंडो येते आणि एक्स सर्व्हर तिला कळवतो की पॉइंटर तुझ्यात शिरलाय. काही विंडो मॅनेजर असे इव्हेंट ओळखून सोडून देतात, काही देत नाहीत. मी इथे आधी डिले, म्हणजे पॉइंटर आल्यावर फोकस मिळेपर्यंतचा वेळ, वाढवून बघतो. ओपनबॉक्स या विंडो मॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये फोकस डिले मिलिसेकंदात लिहायचा असतो, २०० पासून सुरू करा, एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या विंडो मॅनेजर सेटिंगमध्ये फोकसच्या टॅबवर त्याचा स्लायडर आहे. त्याच्या जवळच फोकस मिळाल्यावर विंडो वर आणायचा ऑप्शन असतो, माऊसवाला फोकस ठेवायचा असेल तर तो बंद करा, नाहीतर पॉइंटर जाता जाता एखाद्या मोठ्या विंडोवर रेंगाळला की ती सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसते.

नवीन विंडोचं सोपं आहे. आय-थ्रीमध्ये नो-फोकस नावाचा नियम क्लाससकट लिहिला की ते अॅप उघडताना फोकस घेत नाही, फक्त वर्कस्पेस रिकामी असेल तर पहिल्या विंडोला हा नियम लागू होत नाही, त्यामुळे रिकाम्या वर्कस्पेसवर टेस्ट करून नियम चालत नाही असं ठरवू नका.

माझा पासवर्ड गेला तो तिसऱ्या कारणाने, आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारं कारण हेच. अॅप विंडो मॅनेजरला विनंती पाठवतं की मला अॅक्टिव्ह करा, ती मान्य करायची की नाही हे विंडो मॅनेजरच्या हातात असतं. चांगला विंडो मॅनेजर बघतो की तुम्ही शेवटचा हात कुठल्या विंडोत लावला आणि कधी, विनंती त्याच्या आधीची असेल तर फोकस न देता टास्कबारवर नुसतं लक्ष वेधतो. केडीई डेस्कटॉपमध्ये फोकस पळवण्यापासून बचावाच्या पातळ्या आहेत, सुरुवातीला लो असते, ती मीडियम करून आठवडाभर बघा. एकदम एक्स्ट्रीमवर जाऊ नका, मग तुम्ही स्वतः उघडलेल्या विंडो पण मागे राहतात. आय-थ्रीमध्ये फोकस ऑन विंडो अॅक्टिवेशन हे सेटिंग मुळात स्मार्ट असतं, म्हणजे विंडो समोर दिसणाऱ्या वर्कस्पेसवर असेल तर सरळ फोकस देऊन टाकतो आणि नसेल तरच अर्जंट म्हणून रंगवतो. चॅट आणि टर्मिनल शेजारी शेजारी असतील तर स्मार्ट काही वाचवत नाही, तिथे अर्जंट लिहा, मी तेच लिहिलं आणि त्यानंतर एकदाही माझं टायपिंग दुसरीकडे गेलं नाही. एक्सएफसीईवाल्यांनी विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये फोकसचा टॅब बघावा, तिथे हा बचाव चालू करायचा टिकबॉक्स आहे.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि कॉन्फिग फाइलची कॉपी आधी काढून ठेवा, हे मनापासून सांगतो, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

दोन बारीक गोष्टी. जावाचं एखादं अॅप टायलिंग (विंडो शेजारी शेजारी बसवणाऱ्या) विंडो मॅनेजरमध्ये नुसतंच करडं रिकामं दिसत असेल तर तो फोकसचा दोष नाही, जावाला वाटतं की विंडोभोवती विंडो मॅनेजरची फ्रेम असणार आणि ती नसते. जावा एडब्ल्यूटी डब्ल्यूएम नॉनरीपेरेंटिंग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एक करून, नावाच्या सुरुवातीचा अंडरस्कोर न विसरता, अॅप परत चालू करा. आणि दुसरा मॉनिटर काढल्यावर विंडो स्क्रीनच्या बाहेर अडकली तर अॅप मारू नका, आल्ट-टॅबने तिच्यावर जा, एक्सएफसीईमध्ये आल्ट-स्पेसने आणि केडीईमध्ये आल्ट-एफ-३ ने विंडोचा मेनू उघडा, त्यातलं मूव्ह निवडा आणि अॅरो कीने ती आत ओढा, सेव्ह न केलेलं काम वाचतं.