रंगाऱ्याला बोलावण्याआधी स्लॅब ठोका

पावसाळ्याआधी गच्ची झाडणं, पन्हळीतला पालापाचोळा काढणं, टाकीचा व्हॉल्व्ह बघणं हे सांगायला नको. रंगाऱ्याला फोन लावण्याआधी मात्र हातोडी शोधा. घरात असते तीच, छोटी. आणि स्लॅब खालून ठोकून बघा. आम्ही मागच्या खेपेला हे सोडून बाकी सगळं केलं. रंगाचे डबे जिन्याखाली येऊन पडले, पोपडे खरवडायला घेतले आणि परातीएवढा तुकडा खाली आला. वर सळई, तांबूस, पापुद्रे सुटलेली. रंगाचा हिशेब तिथेच संपला.

ठोकायचं हलक्या हाताने, वीतवीतभर अंतरावर. डोळ्यांवर चष्मा हवा आणि खाली पोरंबाळं नकोत. चांगला भाग टणटण वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. एकदा फरक कळला की कान चुकत नाही. बद्द लागेल तिथे खडूने रेघ मारा, मग टेपने मोजा, फोटो काढा. किती चौरस फूट फुटणार हे गवंडी यायच्या आधी तुम्हाला ठाऊक पाहिजे. वरच्या बाथरूमखालचा भाग, टाकीखालचा भाग, बीमचा तळ, पंख्याच्या हुकाभोवती. हॉलच्या मध्यात डाग नाही म्हणून सोडू नका, तिथेही ठोका.

गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून ढकलून फोडतो. वरून पुट्टी मारली तर एखादा पावसाळा दिसत नाही, एवढाच तिचा उपयोग.

सज्जे आणि बाल्कनी वेगळी बघा. बाहेर लोंबणाऱ्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, त्यामुळे खालून गुळगुळीत दिसणारा सज्जाही वर पाणी साचून कुजलेला असू शकतो. वरून भेगा बघा. त्यावर उभं राहून नाही!

सळई गंजून बारीक झाली असेल किंवा बीमला लांब उभी-आडवी चीर असेल तर गवंड्याचं मत पुरे नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. सिडकोतली, पंचवटीतली, जुन्या नाशकातली कितीतरी घरं आता तिशी ओलांडून गेली आहेत, आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करून घेणं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार मालकाकडे किंवा तिथे राहणाऱ्याकडेच येतं. फी जड वाटेल. द्या.

मग दर. चौरस फुटाचा, लिहून, आणि त्यात काय काय धरलंय तेही लिहून: सुटलेलं तोडणं, सळई तारेच्या ब्रशने लख्ख घासणं, गंजरोधक थर, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल), टेकू, परांची. "सिमेंटने पॅक करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. फोडल्यावर जास्त निघालं तर त्याचा दर काय, हेही आजच. छत उघडं पडल्यावर घासाघीस होत नाही. आणि हे सगळं बोलायचं ते ठोकून झाल्यावर. आधी नाही. एप्रिलमध्येच ठोका, कारण मेअखेर मजूर गावाकडे निघतात आणि जूनमध्ये आभाळ भरलं की कोणी गच्चीला हात लावत नाही.

क्रम: आधी गच्ची, मग खालचं छत, शेवटी रंग. उलटं केलं तर पैसे दोनदा. वॉटरप्रूफिंग झालं की पन्हळीचं तोंड बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास तुंबवा, खालून बघत राहा. गच्चीच अशक्त निघाली असेल तर पाण्याचं वजन घालण्याआधी इंजिनिअरला विचारा. ही चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

पुट्टी, प्रायमर, रंग: रंगाऱ्याला कळतं. रंग विकत मात्र आता घ्या, ठोकण्याआधी घेऊन ठेवू नका. बिलं एका पाकिटात. राडारोडा कोण उचलणार ते आधी बोला, नाहीतर पोती गेटपाशी पडून राहतात.