ओरखड्याच्या प्रयोगाआधी

जखमेला पेशी कसा प्रतिसाद देतात हे पाहण्यासाठी संवर्धनातील (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) मेंदूपेशींच्या थरावर ओरखडा ओढण्याआधी तो थर सलग भरला आहे ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावे. उंदराच्या नवजात पिलांच्या मेंदूतून घेतलेल्या ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशी साधारण ७ ते १० दिवसांत फ्लास्कचा तळ व्यापतात. त्यांच्यावर चकाकणारे गोल ठिपके बहुधा मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी, असतात. फ्लास्क हलवून ते आधीच काढले नाहीत, तर पुढे दिसणारा प्रतिसाद नेमका कोणाचा, हे सांगता येणार नाही. माध्यमातल्या (पेशींच्या पोषक द्रवातल्या) सीरमने ॲस्ट्रोसाइट पेशी जखमेआधीच काहीशा चेतवलेल्या असतात, त्यामुळे आदल्या दिवशी सीरम कमी करावे.

प्लेटमधल्या तुलनेसाठी राखलेल्या कप्प्यांतही माध्यम त्याच वेळी आणि तितकेच बदलावे. जखमी पेशींतून एटीपी (पेशीतील ऊर्जा वाहणारा रेणू, जो बाहेर पडल्यावर संदेशाचे काम करतो) बाहेर पडते आणि शेजारच्या पेशींत काही सेकंदांत कॅल्शियमची लाट पसरते, हे खरे. पण माध्यम जोरात ओतल्याच्या धक्क्यानेही एटीपी सुटू शकते, म्हणून नुसता न ओरखडलेला कप्पा ही माझ्या मते तुलनाच नव्हे.

प्लेटच्या तळाला बाहेरून खुणेची रेघ मारावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच जागेचे छायाचित्र घेता येते. २०० मायक्रोलिटरची निर्जंतुक टिप उभी धरून एकाच दाबाने ओढावी. हात अडखळला की थराची कड गुंडाळून वर येते आणि तिथली रुंदी मोजण्यात अर्थ राहत नाही. सुटलेल्या पेशी धुवून टाकायच्या का, हे आधीच ठरवावे, कारण मृत पेशींचा अंदाज देणारे एलडीएच हे विकर त्याच पाण्याबरोबर निघून जाते. प्रथिने मोजायची असतील तर एक ओरखडा पुरत नाही, जाळीसारखे अनेक ओढावे लागतात.

ईआरके हे प्रथिन काही मिनिटांतच सक्रिय होत असल्याने पेशी आहेत त्या स्थितीत स्थिर करणारे ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड ओरखड्याआधीच हाताशी हवे. जीएफएपी हे ॲस्ट्रोसाइटमधील तंतुमय प्रथिन वाढलेले दिसायला मात्र दिवस लागतात. २४ तासांनी कडेच्या पेशी लांब शेपट्या काढून मोकळ्या पट्टीत शिरताना दिसतील, आणि पट्टी पेशी सरकल्याने भरते आहे की विभाजनाने, हे वेगळे काढायचे असेल तर विभाजन थांबवणाऱ्या मायटोमायसीनचे काही कप्पे सुरुवातीलाच लावून ठेवावेत.