पाम ओएस संपताना जवळून पाहिलं, त्याबद्दल नव्या मोबाईल डेव्हलपर्ससाठी

मोबाईल डेव्हलपमेंटमध्ये नव्याने येणारी मुलं बहुतेक वेळा हेच विचारतात की कुठला प्लॅटफॉर्म शिकला म्हणजे दहा वर्षं तरी टिकेल. मला वाटतं त्याचं उत्तर चालू प्लॅटफॉर्म बघून मिळत नाही, एखादा संपलेला प्लॅटफॉर्म नीट उलगडून बघावा लागतो. मी करिअरची सुरुवातीची वर्षं पाम ओएसवर, म्हणजे पाम कंपनीच्या खिशात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर घालवली, फील्डवर फिरून माहिती गोळा करणाऱ्या लोकांसाठी सी मध्ये ॲप्स लिहायचो, तो प्लॅटफॉर्म ऐन भरात होता तेव्हाही मी त्यात होतो आणि एकेक जण सोडून जायला लागला तेव्हाही होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हे यंत्र बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. जेफ हॉकिन्स, डोना डुबिन्स्की आणि एड कॉलिगन ही पाम कंपनीची मूळ मंडळी. त्यांचा पहिला प्रयत्न झूमर नावाचा होता, तो चालला नाही, मग मार्च १९९६ मध्ये पायलट १००० आणि पायलट ५००० आले. १००० मध्ये १२८ केबी मेमरी, ५००० मध्ये ५१२ केबी, मोटोरोलाचा १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, १६० बाय १६० पिक्सेलचा काळा-पांढरा स्क्रीन आणि दोन ट्रिपल-ए सेल, ज्यावर तो कित्येक आठवडे चालायचा. हॉकिन्सने आधी लाकडाचा एक ठोकळा त्या आकाराचा करून घेतला होता आणि तो खिशात ठेवून फिरायचा, मीटिंगमध्ये काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचा, आणि अशा वेळी आपल्याला नेमकं काय लागतं ते बघायचा. बाकीच्या कंपन्या तेव्हा खिशात अख्खा कॉम्प्युटर कोंबायच्या मागे होत्या. पामने ठरवलं की हा कॉम्प्युटरचा जोडीदार आहे, कॅलेंडर, पत्ते, कामांची यादी आणि नोंदी, एवढंच करायचं पण बटण दाबल्याबरोबर समोर आलं पाहिजे. कुठलं काम किती टॅपमध्ये होतं हे तिथे मोजलं जायचं. ही शिस्त मला आजही फार मोठी वाटते, आणि नव्याने शिकणाऱ्याने त्या जुन्या डेटबुकचा, म्हणजे पामच्या कॅलेंडर ॲपचा स्क्रीन एकदा तरी लक्ष देऊन बघावा.

आता काम कसं चालायचं ते. एका वेळी एकच ॲप पुढे. खाली कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, मल्टिटास्किंग करू शकत होता पण ॲप लिहिणाऱ्याला थ्रेड, म्हणजे एकाच वेळी समांतर कामं चालवायची सोय, मिळत नव्हते, तुमच्या हातात एक इव्हेंट लूप, त्यात पेन टेकलं, बटण दाबलं, मेनू उघडला अशा घटना येणार आणि तुम्ही त्या हाताळणार. युजरने दुसरं ॲप उघडलं की तुमच्याकडे थांबायचा इव्हेंट यायचा, तेव्हा सगळं जागेवर ठेवून बाहेर पडायचं आणि परत बोलावलं की असं उभं राहायचं जणू कधी गेलोच नव्हतो. आज अँड्रॉइड किंवा आयफोनवर ॲप मागे गेलं, सिस्टिमने मारलं, परत आलं, स्टेट कुठे ठेवायची, याच्यावर नवी मुलं अडतात ना, तो विचार आमच्या अंगात तेव्हाच मुरला होता कारण दुसरा पर्यायच नव्हता.

मेमरी हा त्याहून मोठा गुरू. चालू प्रोग्रॅमला वापरायला मिळणारी मेमरी पहिल्या पायलटवर ३२ केबी, त्यात सिस्टिमचाही वाटा. बाकी सगळी रॅम म्हणजे साठवणीची जागा. फाइल उघडून मेमरीत कॉपी करणं हा प्रकारच नव्हता, रेकॉर्ड आहे तिथेच वाचायचं, हँडल (मेमरीतल्या त्या तुकड्याकडे नेणारी खूण) लॉक करा, वापरा, लगेच अनलॉक करा म्हणजे सिस्टिमला तुकडे सरकवून जागा करता येईल. लिहायचं असेल तर ठरलेल्या फंक्शनमधूनच, कारण साठवणीचा भाग राइट-प्रोटेक्टेड, थेट पॉइंटरने लिहायला गेलात की तिथेच एरर. एक रेकॉर्ड ६४ केबीपेक्षा मोठं नाही. आणि टेस्टिंगसाठी इम्युलेटरमध्ये, म्हणजे पीसीवर पामची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ग्रेमलिन्स नावाची सोय होती, ती हजारो रँडम टॅप आणि अक्षरं तुमच्या ॲपवर सोडायची, रात्रभर चालू ठेवायचं आणि सकाळी बघायचं कुठे फुटलं. त्याच नंबरचा ग्रेमलिन परत चालवला की तीच चूक परत दिसायची. एवढी साधी आणि एवढी कामाची गोष्ट मी नंतर फार कमी ठिकाणी बघितली.

पण सगळ्यात जास्त ज्याने मला पुढे पोसलं ते म्हणजे हॉटसिंक, पाम आणि पीसीमधला डेटा जुळवायची सोय. पीसीला जोडलेल्या स्टँडमध्ये, म्हणजे क्रेडलमध्ये यंत्र ठेवायचं, एक बटण दाबायचं, दोन्हीकडचा डेटा जुळणार. आतून बघाल तर प्रत्येक रेकॉर्डला एक युनिक आयडी आणि एक बाइटचे ॲट्रिब्यूट्स, त्यात चार बिट फ्लॅग्ससाठी, म्हणजे बदललंय का, डिलीट झालंय का, खाजगी आहे का वगैरे, आणि उरलेले चार बिट कॅटेगरीसाठी, म्हणूनच पामवर सोळाच्या वर कॅटेगरी कधी होऊ शकल्या नाहीत. मागच्या वेळी ज्या पीसीशी सिंक केलं त्याच्याशीच परत केलं तर फक्त बदललेली रेकॉर्ड्स जायची, तो फास्ट सिंक. दुसऱ्या पीसीला लावलं की फ्लॅग्सवर विश्वास ठेवता येत नाही, मग सगळी रेकॉर्ड्स ताडून बघायची, तो स्लो सिंक. एकच रेकॉर्ड दोन्हीकडे वेगवेगळं बदललं तर? दोन्ही ठेवायची आणि युजरला ठरवू द्यायचं. एका बाजूला डिलीट आणि दुसऱ्या बाजूला बदल असेल तर बदल जिंकणार, कारण माणसाचा डेटा गमावण्यापेक्षा एक जादा नोंद परवडते. आज नेटवर्क नसताना चालणारं कुठलंही ॲप करायला घ्या, तुम्ही याच प्रश्नांपाशी येऊन थांबाल. फ्रेमवर्क बदललंय, प्रश्न बदललेला नाही, आणि हा मी माझ्या डोळ्यांनी तीन-चार पिढ्यांच्या यंत्रांवर जसाच्या तसा बघितलाय.

मग एवढं चांगलं असून बुडालं कसं. लोक पटकन म्हणतात आयफोन आला आणि पाम गेलं. ते मला अजिबात पटत नाही, २००७ साल यायच्या आधीच आतली पडझड झाली होती.

मालक बघा आधी. १९९५ मध्ये मोडेम बनवणाऱ्या यूएस रोबोटिक्सने पाम घेतली, १९९७ मध्ये नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या थ्रीकॉमने यूएस रोबोटिक्सच घेतली, आणि १९९८ मध्ये हॉकिन्स, डुबिन्स्की आणि कॉलिगन तिघंही बाहेर पडून हँडस्प्रिंग काढून बसले, पामचंच ओएस लायसन्सवर घेऊन. मार्च २००० मध्ये पामचा शेअर बाजारात आला, भाव ठेवला होता ३८ डॉलर, पहिल्याच दिवशी १६५ पर्यंत जाऊन ९५ च्या आसपास बंद झाला, म्हणजे जिने पामला जन्म... नाही, सांभाळलं म्हणू, त्या थ्रीकॉमपेक्षा बाजाराने पामची किंमत जास्त धरली. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये पामच्या एम ५०० आणि एम ५०५ या नवीन यंत्रांची घोषणा झाली, माल दुकानात यायला उशीर, आणि नवीन येतंय म्हटल्यावर जुनं कोण घेणार, गोदामं भरून राहिली आणि कोट्यवधी डॉलरचा माल हिशेबातून काढून टाकावा लागला. त्यातून तब्येत पूर्णपणे कधीच सुधारली नाही.

त्याच वेळी ओएसमध्ये काय चाललं होतं हे डेव्हलपर म्हणून जास्त महत्त्वाचं. लायसन्स घेणाऱ्या कंपन्या हार्डवेअर पुढे नेत होत्या आणि ओएस मागे राहत होतं. सोनीच्या क्लिए या पाम ओएसवाल्या यंत्रात ३२० बाय ३२० चा स्क्रीन आला तेव्हा पाम ओएसमध्ये त्याची सोयच नव्हती, सोनीने आपली लायब्ररी दिली, नंतर पाम ओएस ५ मध्ये अधिकृत पद्धत आली ती वेगळी, मग उभा लांब स्क्रीन आला, त्याचीही तीच कथा. एकाच ॲपमध्ये कुठलं यंत्र आहे बघून तीन वाटा ठेवायच्या. आज ज्याला फ्रॅग्मेंटेशन म्हणतात ते हेच.

२००२ मध्ये ओएस ५ आलं आणि प्रोसेसर बदलून एआरएम झाला. जुनी ॲप्स चालावीत म्हणून आत ६८के चा, म्हणजे आधीच्या मोटोरोला प्रोसेसरची नक्कल करणारा इम्युलेशन थर ठेवला होता, पेस नावाचा, आणि तो खरंच छान चालायचा, आमचं जुनं ॲप न बदलता पामच्या नव्या टंगस्टन यंत्रावर उघडलं होतं. पण नवीन प्रोसेसरची ताकद थेट वापरायची तर पूर्ण ॲप एआरएमसाठी लिहायची सोय दिलीच नाही, फक्त छोटे तुकडे लिहायचे, आणि ६८के ची बाइट ऑर्डर (आकड्याचे बाइट मेमरीत ठेवायचा क्रम) उलटी असल्यामुळे दर वेळी आकडे फिरवून घ्यायचे. खरं एआरएम ओएस पुढच्या व्हर्जनमध्ये येईल असं सांगितलं गेलं. सगळे थांबले त्या व्हर्जनसाठी.

ते व्हर्जन म्हणजे पाम ओएस ६, कोबाल्ट. पामने २००१ मध्ये बीओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या बी कंपनीची मालमत्ता ११ दशलक्ष डॉलरला घेतली होती, तिथली मंडळी यात होती. प्रोटेक्टेड मेमरी, खरे थ्रेड, सगळं. २००४ च्या सुरुवातीला ते लायसन्सधारकांसाठी तयार असल्याचं जाहीर झालं. आणि ते घेऊन एकही यंत्र बाजारात आलं नाही. एकही नाही. मी त्याचं डॉक्युमेंटेशन मन लावून वाचलं होतं, चांगलं काम होतं ते, त्यामागे खपलेल्या इंजिनिअर लोकांबद्दल मला आजही हळहळ वाटते.

कारण सरळ होतं. २००३ मध्ये कंपनीचे दोन भाग झाले, ओएस पामसोर्सकडे आणि हार्डवेअर पामवनकडे, ज्यात हँडस्प्रिंग परत येऊन मिळाली होती. ओएस बनवणाऱ्याला यंत्र विकायचं नव्हतं आणि यंत्र विकणाऱ्याला कोबाल्टची गरज नव्हती, त्याचा ट्रिओ हा फोन जुन्या ओएस ५ वरच चांगला खपत होता. सोनीने २००४ मध्ये अमेरिका आणि युरोपातून क्लिए काढून घेतलं आणि पुढच्या वर्षी पूर्ण बंद केलं. सप्टेंबर २००५ मध्ये जपानच्या ॲक्सेस कंपनीने पामसोर्स ३२४ दशलक्ष डॉलरला घेत असल्याचं सांगितलं, आणि त्याच महिन्यात पामने विंडोज मोबाईलवर चालणारा ट्रिओ दाखवला. पामच्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टचं ओएस! आमच्या ऑफिसात त्या दिवशी कोणी फार बोललं नाही, पण पुढच्या प्रोजेक्टसाठी पाम हा पर्याय त्या दिवसानंतर कोणी मांडला नाही. त्यानंतर २००९ मध्ये वेबओएस आलं, ते वेगळंच ओएस होतं, आणि पाम ओएसची नवी यंत्रं येणार नाहीत हे कंपनीने फेब्रुवारी २००९ मध्ये उघड सांगितलं. म्हणजे कोबाल्टपासून अधिकृत शेवटापर्यंत पाच वर्षं गेली. या पाच वर्षांत यंत्रं विकली जात होती, पगार होत होते, ॲप्सही खपत होती. युजरला काहीच कळत नव्हतं, पण डेव्हलपरला सगळं दिसत होतं.

म्हणून नव्यांना माझं सांगणं आहे की विक्रीचे आकडे बघून प्लॅटफॉर्म निवडू नका, ते फार उशिरा पडतात. हे बघा की जाहीर केलेलं नवीन व्हर्जन खऱ्या यंत्रात किती दिवसांत येतंय, आणि ओएस बनवणारा स्वतः त्यावर आपली मुख्य ॲप्स लिहितोय का. टूल्स कोण सांभाळतंय तेही बघा, पामच्या बाबतीत ॲप्स लिहायचं कोडवॉरिअरसारखं मुख्य टूल बाहेरच्या कंपनीच्या हातात होतं. आणि जुन्या ॲप्सची सोय चांगली पण नव्या ॲप्सची वाट "पुढच्या व्हर्जनमध्ये" असं दोनदा ऐकलंत की दुसरी भाषा शिकायला घ्या, नोकरी लगेच सोडायची गरज नाही. मी पामचं काम चालू असतानाच संध्याकाळी विंडोज सीई, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं छोट्या यंत्रांसाठीचं ओएस, शिकत होतो आणि ते करताना लक्षात आलं की आमच्या टीमने सिंकचे नियम आणि डेटाची तपासणी स्क्रीनच्या कोडपासून वेगळी ठेवली होती म्हणून तो भाग जवळजवळ तसाच उचलता आला. स्क्रीनचा कोड पूर्ण टाकून द्यावा लागला. तो कुठल्याही प्लॅटफॉर्मवर असाच टाकावा लागतो, त्यावर जीव लावू नका.

आणखी एक, जुन्या सिस्टिममधून डेटा बाहेर काढता येणारा माणूस शेवटपर्यंत लागतो. पामची तारीख १६ बिटमध्ये बसवलेली असायची, ७ बिट वर्ष, तेही १९०४ पासून मोजलेलं, ४ बिट महिना, ५ बिट दिवस, त्यामुळे २०३१ च्या पुढे ती जाऊच शकत नाही. हे माहीत असणारे कमी होते म्हणून पाम बंद झाल्यावरही मला कित्येक महिने फक्त डेटा हलवण्याचं काम मिळत राहिलं, आणि ते काम मला आवडायचं, लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी नव्या ठिकाणी नीट पोचायच्या.

हात चालवून बघायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर पामची जुनी ॲप्स ब्राउझरमध्येच चालतात, ती उघडा. आणि एखादं जुनं मोबी फॉरमॅटचं ईबुक मिळालं तर हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट एकेक करून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाका, ते फॉरमॅट पामच्याच डेटाबेसवर उभं आहे. पहिले ३२ बाइट नाव, ६० व्या बाइटपासून टाइप आणि क्रिएटर, तिथे BOOK आणि MOBI अशी आठ अक्षरं दिसतील, ७८ व्या बाइटपासून रेकॉर्ड्सची यादी, प्रत्येकी ८ बाइट, त्यातले चार ऑफसेट, एक ॲट्रिब्यूट आणि तीन युनिक आयडी. ती यादी वाचणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहा, कुठल्याही भाषेत, एका संध्याकाळचं काम आहे.