खगोलीय दिनदर्शिका वाचताना या चुका टाळा

डिसेंबरच्या थंडीत गावाबाहेरच्या माळावर रात्र काढून परतलेली मंडळी पुष्कळदा एकच तक्रार करतात: दिनदर्शिकेत मिथुन उल्कावर्षावाच्या ताशी 150 उल्का लिहिल्या होत्या, प्रत्यक्षात 10-12 दिसल्या. अशा वेळी दिनदर्शिकेतला आकडा बहुधा बरोबरच असतो. मात्र तो ठरावीक वेळपद्धती, ठरावीक अक्षांश आणि ठरावीक दर्जाचा अंधार गृहीत धरून काढलेला असतो, आणि आपल्या गावासाठी त्यात जो फेरफार करायला हवा, तो करायचा राहून जातो.

तारीख आणि वेळ

सर्वाधिक रात्री वाया जातात त्या तारखेच्या घोळामुळे. परदेशी दिनदर्शिकांतील वेळा सहसा जागतिक वेळेत (UT किंवा UTC) दिलेल्या असतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. समजा, मिथुन उल्कावर्षावाचा परमोच्च क्षण '13 डिसेंबर, 21 वाजता' असा छापला आहे. आपल्याकडे तेव्हा 14 डिसेंबरची पहाट झालेली असते आणि अडीच वाजलेले असतात. म्हणजे 13 तारखेला रात्रीचे जेवण उरकून बाहेर पडायला हवे. नुसती 14 ही तारीख लक्षात ठेवून त्या दिवशी संध्याकाळनंतर निघणारा माणूस जवळजवळ 19 तास उशिरा पोहोचतो. सुरुवातीच्या काळात मीही अशी एक उत्तम रात्र गमावली आहे, म्हणून आता वहीत एकच तारीख न लिहिता '13-14च्या मधली रात्र' असे लिहितो. 7 सप्टेंबर 2025च्या खग्रास चंद्रग्रहणातही खग्रास स्थिती रात्री 11 वाजता सुरू होऊन मध्यरात्रीनंतर 12 वाजून 22 मिनिटांपर्यंत टिकली होती, त्यामुळे ते ग्रहण काही ठिकाणी 7 तारखेचे, तर काही ठिकाणी 7-8 तारखांचे म्हणून नोंदलेले दिसते.

फिरत्या तबकडीचा आकाशनकाशा वापरणाऱ्यांनी आणखी एक दुरुस्ती करावी. असा नकाशा स्थानिक वेळेवर चालतो, तर आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालते. रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे 4 मिनिटे धरली, तर घड्याळातील वेळेतून मुंबईत सुमारे 39, पुण्यात 35 आणि नागपुरात 14 मिनिटे वजा करावी लागतात. संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा गावागणिक वेगळ्या छापलेल्या असतात त्या याच कारणाने. मुंबईपेक्षा नागपुरात चंद्र साधारण 25 मिनिटे आधी उगवतो.

पंचांगातील नक्षत्र आणि आकाशातील नक्षत्र

जूनच्या पहिल्या आठवड्यात 'मृग लागला' असे आपण म्हणतो, आणि आकाशदर्शनाची आवड नुकतीच लागलेली मुले त्याच रात्री मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण शोधू लागतात. तो तेव्हा दिसणे शक्यच नसते. मृग लागणे म्हणजे सूर्य मृग नक्षत्राच्या विभागात येणे, आणि सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्याबरोबरच उगवते व मावळते. हस्ताचा पाऊस सप्टेंबरअखेरीस येतो, पण हाताच्या पंजासारखी ती आकृती पाहायला एप्रिल-मेमधील संध्याकाळ गाठावी लागते. रात्रभर दिसणारे नक्षत्र हवे असेल, तर महिन्याचे नाव वाचावे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास चंद्र कृत्तिकांच्या, मार्गशीर्षात मृगाच्या, माघात मघेच्या आणि चैत्रात चित्रेच्या आसपास असतो. म्हणून ते नक्षत्र त्या दिवसांत सूर्यास्ताच्या सुमारास उगवून पहाटेपर्यंत आकाशात राहते. शेती आणि ऋतू यांच्याशी जोडलेली इतकी सोपी खूण आपल्या महिन्यांच्या नावांतच आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

राशींच्या बाबतीतही असाच गोंधळ होतो. पंचांगातील प्रत्येक रास बरोबर 30 अंशांची असते, पण आकाशातील तारकासमूह लहानमोठे आहेत. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या सीमांनुसार सूर्य वृश्चिकात नोव्हेंबरअखेर जेमतेम आठवडाभर राहतो आणि नंतर भुजंगधारी या शेजारच्या तारकासमूहात जातो. त्यामुळे पंचांगातील राशीवरून ग्रह शोधताना शेजारचा तारकासमूहही पाहावा. तिथीचेही तसेच आहे: पंचांगात दिलेली तिथी सूर्योदयाच्या वेळची असते, संध्याकाळी चंद्रकोर पाहताना ती बदललेली असू शकते.

आपला अक्षांश

बरेच नकाशे 40 अंश उत्तर अक्षांशासाठी बनवलेले असतात. त्यांत ध्रुवतारा क्षितिजापासून 40 अंशांवर असतो, तर पुण्यात तो अवघ्या साडेअठरा अंशांवर दिसतो आणि इमारतींमागे सहज लपतो. नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्या नकाशात उत्तर क्षितिजालगत सप्तर्षी काढलेले असतात. आपल्याकडे ते तेव्हा मावळलेले असतात आणि उत्तर दिशा शर्मिष्ठा या तारकासमूहावरून काढावी लागते. अशा नकाशांवर विसंबल्याने दक्षिणेकडील वैभवही हातचे जाते. अगस्त्य तारा पुण्याहून सुमारे 19 अंशांपर्यंत वर येतो, नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ 24 अंशांपर्यंत चढतो आणि त्रिशंकू हा तारकासमूह मे महिन्यात दक्षिण क्षितिजावर उभा राहतो. 40 अंशांवरील निरीक्षकाला यांतले जवळजवळ काहीच मिळत नाही.

हंगामाचाही विचार करायला हवा. ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षावाची परदेशी मार्गदर्शिकांत मोठी स्तुती असते, परंतु महाराष्ट्रात तो बहुतेक वर्षी ढगांआड जातो. आकाशगंगेचा धनू राशीकडील तेजस्वी भाग पाहायला मार्च ते मेमधील उत्तररात्र किंवा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमधील संध्याकाळ निवडावी.

आकड्यांचा अर्थ

आता त्या 150 उल्कांकडे वळू. हा दर काढताना उल्कांचा उद्गमबिंदू, म्हणजे उल्का आकाशात जिथून येताना भासतात ती जागा, थेट डोक्यावर आहे आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत आहेत, असे गृहीत धरतात (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद). उद्गमबिंदू 30 अंशांवर असेल तर संख्या निम्मी होते, आणि शहराच्या उजेडात चौथ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील तर ती जवळपास दहाव्या हिश्श्यावर येते. मिथुन उल्कावर्षावाचा उद्गमबिंदू आपल्याकडे संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पहाटे अडीचला सर्वांत उंच येतो. दहा वाजताच परतणारे लोक खरा भाग सुरू होण्याआधी निघून जातात. त्या रात्री चंद्र किती वाजता मावळतो, हेही पाहून ठेवावे. नजर उद्गमबिंदूवर खिळवून ठेवू नये, कारण लांबलचक रेषा काढणाऱ्या उल्का त्याच्यापासून दूर दिसतात.

प्रतीचा आकडाही फसवतो. देवयानी दीर्घिकेची प्रत 3.4 आहे, पण तो उजेड विस्तीर्ण भागावर पसरलेला असल्याने त्याच प्रतीचा तारा सहज दिसतो तेथून दीर्घिका दिसेलच असे नाही. धूमकेतूंच्या बाबतीतही हेच लागू होते.

'मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा संदेश मात्र थेट पुसून टाकावा. त्याचे मूळ 27 ऑगस्ट 2003 रोजी मंगळ सुमारे 5.58 कोटी किलोमीटरपर्यंत जवळ आला होता, त्या घटनेत आहे. तेव्हाही त्याच्या बिंबाचा व्यास चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे सत्तराव्या भागाएवढाच होता.

जागेवर गेल्यावर

डोळे अंधाराला सरावण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात आणि मोबाईलच्या पांढऱ्या उजेडाकडे एकदा पाहिले, तरी बरीचशी कमाई पुसली जाते. नकाशा वाचायला मंद लाल दिवा वापरावा आणि नकाशा डोक्यावर धरावा, म्हणजे त्यात पूर्व-पश्चिम उलट का छापल्या आहेत हे आपोआप कळते. मोबाईलवरील आकाशनकाशा चुकीच्या दिशेला तारे दाखवत असेल, तर प्रथम चुंबक असलेले कव्हर काढावे, मोटारीपासून दूर जावे आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून होकायंत्र जुळवून घ्यावे. त्यानंतर व्याध किंवा गुरू यांसारखी ओळखीची ठळक ज्योत पडद्यावर आणि आकाशात एकाच जागी येते का, हे तपासूनच पुढचा शोध सुरू करावा.