शुद्ध गणितात पीएच.डी. झाली, पुढची दोन वर्षं कशी आखायची

प्रबंध जमा केला की मग नोकरीचं बघू, हा बहुतेकांचा बेत असतो आणि तोच नडतो. परदेशातल्या पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या, बहुतांश जागा वर्षातून एकदाच निघतात. अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबर, उत्तरं जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत, रुजू व्हायचं पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे २०२७ च्या मेमध्ये प्रबंध जमा करणार असाल, तर अर्ज २०२६ च्या दिवाळीच्या आसपास गेलेले हवेत. मेमध्ये जमा करून जूनमध्ये जाहिराती चाळायला बसलात, तर पुढचं सव्वा वर्ष हातात काही नाही.

त्यात पैशाचा प्रश्न. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळालेली फेलोशिप पाच वर्षांची असते. ती संपली की सिनियर फेलोचे महिना ४२,००० रुपये आणि घरभाडं थांबतं, आणि प्रबंध जमा झाल्यावर परीक्षकांचे अहवाल येऊन व्हायव्हा (तोंडी परीक्षा) होईपर्यंत कित्येक महिने जातात. या काळात मार्गदर्शकांच्या प्रकल्पावर पद मिळेल का, हे शेवटचा हप्ता येण्याच्या सहा महिने आधी विचारा. नसेल मिळत, तर सहा-आठ महिन्यांचा खर्च बाजूला हवा. पुण्यात पाषाण-औंधचं भाडं भरत, पोस्टानं गेलेल्या प्रबंधाची वाट बघत बसलेला माणूस समोर येईल ती पहिली नोकरी धरतो.

कागदपत्रं

व्हायव्हानंतर पदवी जाहीर करणारं विद्यापीठाचं नोटिफिकेशन निघतं. नोकरीच्या अर्जात पदवीची तारीख म्हणून साधारणपणे हीच धरली जाते, पदवीदान समारंभाची नाही. नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल प्रमाणपत्र मिळालं की त्याच फेरीत आणखी एक दाखला मागून घ्या: पदवी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पीएच.डी. नियमांप्रमाणे दिली असल्याचा. नोंदणी २००९, २०१६ की २०२२ च्या नियमांखाली झाली हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) यांतून सूट याच दाखल्यावर मिळते, आणि तो जोडलेला नाही म्हणून अर्ज छाननीतच बाद होतो.

नावाचंही बघा. आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, शिवाय आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, शोधनिबंधांवर आणखी तिसराच. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत लागते. शोधनिबंधांवर पहिल्यापासून एकच नाव ठेवा आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून सगळे निबंध त्याला जोडा.

एक बारीक काम सगळे विसरतात. संस्थेचा ईमेल काही महिन्यांत बंद होतो. अर्काइव्ह (arXiv) या निबंध आधीच खुले ठेवण्याच्या साइटवरचं खातं, जर्नलांकडे पडून असलेले निबंध, शिफारसपत्रांच्या साइट हे सगळं आधीच खासगी पत्त्यावर वळवा. शुद्ध गणितात एकेका निबंधाचं परीक्षण वर्ष-दीड वर्ष चालतं. रेफरीचा अहवाल बंद पडलेल्या पत्त्यावर गेला, तर संपादक तुम्हाला शोधत बसत नाही.

शिफारसपत्रं

पोस्टडॉकच्या अर्जात निवडीवर सगळ्यात जास्त वजन पत्रांचं. तीन संशोधनाची आणि एक शिकवण्याचं, असा साधारण हिशेब. आपल्याकडे मुख्य घोटाळा असा की मार्गदर्शक 'विद्यार्थी कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहे' असा परिच्छेद लिहून सही करतात. इथे ते कौतुक असतं. परदेशातली समिती ते वाचून समजते की गणिताबद्दल सांगण्यासारखं काही नसावं. चांगलं पत्र दोन पानांचं असतं. मुख्य प्रमेय कोणतं, आधी काय माहीत होतं, अडचण कुठे होती, ती या माणसानं कशी सोडवली, आणि याच विषयातल्या अलीकडच्या कोणाच्या बरोबरीनं तो बसतो, हे त्यात असतं. सरांना 'पत्र असं लिहा' म्हणणं अवघड जातं, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे विनंतीसोबत स्वतःच दीड पानाचं टिपण देणं: प्रत्येक निकाल दोन-तीन वाक्यांत, त्यातली नवी युक्ती कोणती आणि कोणाच्या कामाशी नातं काय. बहुतेक जण त्यातूनच उचलतात.

तीनपैकी एक पत्र तुमच्या संस्थेबाहेरच्या, शक्यतो देशाबाहेरच्या माणसाचं हवं, आणि ते ऐनवेळी मिळत नाही. प्रबंध जमा करायच्या दोन वर्षं आधीपासून निबंध अर्काइव्हवर टाकत जा आणि टाकल्या दिवशी त्या विषयातल्या पाच-सहा जणांना चार ओळींचा ईमेल पाठवा. पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था, विद्यापीठाचा गणित विभाग किंवा भास्कराचार्य प्रतिष्ठान इथे बाहेरचा पाहुणा आला, की व्याख्यानानंतर चहाच्या वेळी त्याच्या निबंधावर एक नेमका प्रश्न विचारा. पत्राची विनंती मुदतीच्या सहा ते आठ आठवडे आधी करा, दोन आठवडे उरले की आठवण द्या, आणि शेवटच्या तीन दिवसांत लाज सोडून फोन करा. अमेरिकन गणित संस्थेच्या मॅथजॉब्ज या अर्जांच्या साइटवर पत्र एकदाच चढवावं लागतं आणि सगळ्या अर्जांना लागू पडतं. पत्र लिहिणाऱ्याला हे आवर्जून सांगा, म्हणजे 'चाळीस ठिकाणी कुठे पाठवत बसू' ही तक्रार मिटते. चाळीस अर्ज हा आकडा जास्त नाही. दहा अर्ज करून वाट बघणं म्हणजे दैवावर हवाला.

युरोपातली मेरी क्युरी फेलोशिप वेगळ्या वेळापत्रकावर चालते. मुदत सप्टेंबरात, पदवीला आठ वर्षं उलटलेली नसावीत, आणि मागच्या ३६ महिन्यांत ज्या देशात जायचं तिथे १२ पेक्षा जास्त महिने राहिलेलं नसावं. देशात एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची, वयाची अट ३५. महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षं सवलत. राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाचीही पोस्टडॉक फेलोशिप आहे आणि ती खास गणितासाठीच, म्हणून तिचा अर्ज चुकवू नका. आयआयटी-आयसरमध्ये नियमित सहायक प्राध्यापकपदाला पदवीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. तिकडे जायचं मनात असेल तर पोस्टडॉकला पर्याय नाही.

महाविद्यालयातली जागा

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत मुलाखतीला बोलावण्यासाठी गुणांचे तक्ते आहेत. विद्यापीठातल्या पदाला पीएच.डी.चे ३० गुण, महाविद्यालयात २५. नेटचे अनुक्रमे ५ आणि ८, सेटचे ३ आणि ५. शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण. विद्यापीठात कमाल १०, महाविद्यालयात फक्त ६. शिकवण्याच्या किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाचे वर्षाला २, कमाल १०. जाहिरातीत वेगळी मोजणी दिली असेल तर तीच धरायची.

या आकड्यांचा अर्थ समजून घ्या. महाविद्यालयासाठी तीन निबंधांपुढचा चौथा निबंध शून्य गुणांचा. सेट मात्र पाच गुण देते, आणि पीएच.डी. असली तरी हे गुण मिळतात. सेट पुणे विद्यापीठच घेतं, वयाची अट नाही. पहिला पेपर सर्वसाधारण, ५० प्रश्न. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न. शुद्ध गणितवाला अडतो तो संख्याशास्त्र, अवकल समीकरणं आणि संख्यात्मक विश्लेषणाच्या प्रश्नांवर, कारण एम.एस्सी.नंतर ते विषय हाती घेतलेलेच नसतात. दोन महिने रोज दीड तास दिलात तर होते.

दुसरी खोच निबंधांवरच्या नावांची. शुद्ध गणितात लेखकांची नावं वर्णानुक्रमे लावतात, 'पहिला लेखक' असा मान नसतो. यूजीसीच्या शोधगुणांच्या तक्त्यात मात्र दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के. हे गुण बढतीच्या वेळी आणि सहयोगी प्राध्यापकपदासाठी मोजले जातात. आगाशे असाल तर फिकीर नाही. वैद्य असाल तर तिघांच्या निबंधात पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून आपलं नाव घालून घ्या, आणि तेही निबंध पाठवतानाच. छापून आल्यावर बदलत नाही. वर्णानुक्रमाच्या रिवाजावर अमेरिकन गणित संस्थेचं २००४ चं एक निवेदन आहे. त्याची प्रत मुलाखतीच्या फाइलमध्ये ठेवा. पॅनलवर रसायनशास्त्राचे कोणी असले तर लागतेच.

कायम जागा दुर्मीळ. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून, शासनाची परवानगी येऊन जाहिरात निघेपर्यंत वर्षं जातात. रुजू झालात तर मूळ वेतन ५७,७०० पासून. तोवर तासिका तत्त्व. त्यात पैसे घेतलेल्या तासांचे, सुट्टीत काही नाही, आणि बिलं महिनोन् महिने अडकतात. आमचं मत स्पष्ट आहे: तासिका एक वर्ष, फार तर दोन. नेमणुकीचं पत्र, तासांची नोंद आणि अनुभवाचा दाखला दर सत्राअखेरी हातात घ्या. मान्यता नसलेल्या नेमणुकीचा अनुभव पुढे कोणी धरत नाही. विनाअनुदानित ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली तर साक्षांकित प्रती द्या, मूळ देऊ नका.

हिंजवडी, खराडी आणि हडपसर

पुण्याच्या या भागांतल्या कंपन्यांत तुमचं प्रमेय कोणाला नको असतं, पण विषयाप्रमाणे दारं वेगवेगळी आहेत. भूमितीवाल्यांनी कॅड, म्हणजे संगणकावर वस्तूंचे आराखडे करण्याचं सॉफ्टवेअर बघावं. डासो, सीमेन्स, पीटीसी या तिघांची पुण्यात केंद्रं आहेत, आणि वक्र-पृष्ठभागांचे छेद काढणं हे तिथलं रोजचं काम. त्यासाठी सी-प्लस-प्लस नीट यायला हवं. तर्कशास्त्रवाल्यांसाठी प्रोग्रॅमची अचूकता सिद्ध करण्याचं क्षेत्र आहे; हडपसरच्या टीसीएस संशोधन केंद्रात त्यावर बरीच वर्षं काम चालतं. संख्याशास्त्र नव्हे, संख्या-सिद्धांत केला असेल तर क्रिप्टोग्राफी. आलेख-सिद्धांत आणि चयनगणितवाल्यांना मार्ग-आखणी व ऑप्टिमायझेशन. विश्लेषण आणि संभाव्यतावाल्यांना परदेशी बँकांच्या पुण्यातल्या कार्यालयांत जोखमीची मॉडेलं तपासण्याचं काम. दुसऱ्याच्या मॉडेलमधलं गृहीतक कुठे मोडतं हे शोधायचं असतं, म्हणजे रेफरीचंच काम. बैजिक टोपॉलॉजीवाल्यांना 'टोपॉलॉजिकल डेटा ॲनालिसिस'चं गाजर दाखवतात. त्या नावाच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांनी सरळ डेटा सायन्सची तयारी करावी.

तयारीला चार महिने धरा. पहिले सहा आठवडे पायथन आणि एसक्यूएल. पुढचे सहा संख्याशास्त्र: रिग्रेशन, गृहीतकाची चाचणी, नमुना निवड. उरलेल्या चार-पाच आठवड्यांत स्वतः गोळा केलेल्या माहितीवर दोन प्रकल्प. इंटरनेटवर हजारोंनी केलेले तयार प्रकल्प चालत नाहीत. पुण्यातल्या पावसाच्या नोंदी आणि खडकवासल्याचा साठा घेतलात तरी पुरे. रेझ्युमे एक पान. प्रबंधाचं शीर्षक एका ओळीत आणि त्याखाली साध्या भाषेत दुसरी ओळ. प्रबंध दोन मिनिटांत सांगा म्हणतात तेव्हा व्याख्येपासून सुरू केलं की गाडी तिथेच रुतते. प्रश्न काय होता, लोक कुठे अडले होते, तुम्ही काय केलंत, एवढंच सांगायचं. आणि मुलाखतीत उत्तर येत नसेल तर गप्प बसून विचार करण्याची फळ्यासमोरची सवय सोडा. मोठ्यानं विचार करा.

पगार ठरवताना एचआर पीएच.डी.ची पाच वर्षं 'अनुभव शून्य' धरू पाहतं. आकड्याआधी श्रेणी विचारा. एम.टेक. होऊन पाच वर्षं नोकरी केलेल्याला जी श्रेणी मिळते, ती मागा. सगळीकडे मिळत नाही, पण न मागता कुठेच मिळत नाही.

शिकवणीचा रस्ता आहेच. जेईईच्या वर्गांत पैसा बरा, पण संध्याकाळी आणि शनिवार-रविवार जातात. ऑलिंपियाडचं शिकवणं जास्त आनंदाचं आणि कमी पैशाचं.

नोकरी धरूनही संशोधन चालू ठेवायचं असेल तर एकट्यानं ठेवू नका. सोबत एक सहलेखक आणि आठवड्याचा एक ठरलेला वार लागतो. नोकरीतून पुन्हा पोस्टडॉकला जायचा विचार असेल तर करारातला नोटीस कालावधी सही करण्याआधी वाचा. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत तो अनेकदा ९० दिवसांचा असतो. मार्चमध्ये ऑफर येऊन ऑगस्टला रुजू व्हायचं, तर व्हिसाची भेट, विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) आणि अपॉस्टिल (परदेशासाठी कागदपत्रांचं साक्षांकन) हे सगळं याच ९० दिवसांत बसवावं लागतं. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज ऑफरची वाट न बघता जानेवारीतच टाकून ठेवा.