व्हिडिओ पोकर: पत्ते लागत नसताना या चुका टाळा

व्हिडिओ पोकरचं मशीन पाच पानं वाटतं, हवी ती धरायची (‘होल्ड’), बाकीची बदलून मिळतात आणि शेवटी जमलेल्या पानांवर पैसे मिळतात. सलग दहा डाव कोरडे गेले की मशीन ‘थंड’ पडलंय अशी समजूत होते. आधी हिशेब बघा. ‘जॅक्स ऑर बेटर’ हा लास व्हेगासमधला चांगला रुळलेला प्रकार. त्यात गुलाम किंवा त्याहून मोठ्या पानाची जोडी लागली तर लावलेले पैसे नुसते परत मिळतात, आणि बिनचूक खेळूनही शंभरातल्या 54-55 डावांत काहीच हाती लागत नाही. म्हणजे ओळीनं दहा डाव जाण्याची पाळी साधारण 950 डावांत एकदा येते. सराईत माणूस तासाला 600 डाव सहज दाबतो, त्यामुळे सरासरी दीड-दोन तासांत ती येते. खिसा रिकामा होतो तो बहुधा त्यानंतर चिडून केलेल्या बदलांमुळे.

सगळ्यात पहिला बदल म्हणजे उठून शेजारच्या मशीनवर बसणं. नेवाडाच्या नियमांप्रमाणे पत्त्यांच्या मशीनमध्ये प्रत्येक पान निघण्याची शक्यता खऱ्या 52 पानांच्या कॅटइतकीच ठेवावी लागते. मागच्या डावाचा पुढच्याशी संबंध नसतो. त्यामुळे जागा बदलून नशीब बदलत नाही, पण कोणत्या डावाला किती पट मिळतात तो तक्ता मात्र बदलू शकतो. एका नाण्यावर फुल हाऊसला (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) 9 आणि फ्लशला (पाचही पानं एकाच जातीची, जसं सगळे बदाम) 6 देणारं मशीन, अचूक खेळलात तर, 99.54 टक्के परत देतं. 8 आणि 5 असेल तर 97.30, आणि 6 आणि 5 असेल तर जेमतेम 95. क्वार्टरच्या (पाव डॉलरच्या) मशीनवर पाच नाण्यांनी तासाला 750 डॉलर फिरतात. त्यातले सरासरी साडेतीन, वीस किंवा सदतीस डॉलर जाणार हे त्या दोन आकड्यांवर ठरतं. अर्थात चांगल्या तक्त्यावरही तासाभरात शंभर-सव्वाशे डॉलर वर-खाली होणं नेहमीचंच. पण रोज हरताय आणि तक्ता 6-5 चा आहे, तर त्याला वाईट दिवस म्हणू नका.

दुसरा बदल जास्त महाग पडतो आणि लवकर लक्षातही येत नाही: होल्ड करायची पानं बदलतात. समजा बदामचा राजा, नव्वी, छक्की, तिर्री आणि इस्पिकचा राजा आलेत. इथं राजांची जोडी धरायची. तिची सरासरी किंमत लावलेल्या पैशांच्या दीडपट आहे, तर फ्लशच्या मागे लागलात तर सव्वापटीहूनही कमी. आता इस्पिकच्या राजाच्या जागी इस्पिकची तिर्री ठेवा. निर्णय उलटतो. तिर्र्यांची जोडी सोडून चारही बदाम धरायचे. हरत असलेला माणूस नेमका इथं ‘निदान जोडी तरी’ म्हणून घाबरतो. अठ्ठ्यांच्या जोडीबरोबर एक्का जपून ठेवणं हाही त्याच भीतीचा प्रकार. त्यानं तिसरी अठ्ठी यायची संधी कमी होते.

सगळ्यात जिवावर येतं ते लागलेला फ्लश मोडणं. बदामचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि चौकी: सहापट समोर दिसतायत. तरी चौकी टाकायची. उरलेल्या 47 पानांत बदामची दश्शी एकच आहे, पण ती आली की रॉयल फ्लश (एकाच जातीची दश्शी ते एक्का) होऊन 800 पट मिळतात, आणि सगळं धरून सरासरी अठरापटीच्या वर जाते.

ही 800 पट पाच नाणी लावली तरच. पैसे वाचवायला एका नाण्यावर उतरलात तर रॉयलला 250 च मिळतात. कमी लावायचंच असेल तर कमी किमतीच्या मशीनवर पाच नाणी लावा, मात्र तिथला तक्ता पुन्हा वाचा, तो बऱ्याचदा वाईट असतो. क्वार्टरवरचा तोटा डॉलरच्या मशीनवर वसूल करायला जाणं हा तर निव्वळ वेडेपणा.

‘इतके डाव झाले, आता रॉयल येणारच’ हेही सोडा. ती सरासरी 40,000 डावांत एकदा येते आणि तेवढे खेळूनही तिघांतल्या एकाहून जास्त जणांना दिसत नाही. परताव्यातले जवळजवळ दोन टक्के एकट्या रॉयलचे, म्हणून ती लागेपर्यंत 9-6 चं मशीनही तुमच्यासाठी साडेसत्याण्णवचंच. शनिवार-रविवारसाठी आलेल्यानं ती हिशेबात धरूच नये.

भारतात बसून मोबाईलवर हा खेळ शोधणाऱ्यांसाठी: ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. तरीही रोख बक्षिसं दाखवणाऱ्या ॲपमध्ये कॅट पूर्ण 52 पानांचा आहे का, हे तपासणारं कुणी नाही.

गेलेले पैसे भरून काढायला उधारी झाली असेल, घरी लपवाछपवी चालू असेल, तर होल्डचा तक्ता पाठ करून काही होणार नाही. केंद्र सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.