शर्यतीत पंक्चर झालं तर

2008 साली हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅनमध्ये (पोहणं, सायकल आणि धावणं अशी लांब शर्यत) ब्रिटिश खेळाडू क्रिसी वेलिंग्टनची सायकल पंक्चर झाली. चाक फुगवायला सोबत घेतलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस वाया गेला; प्रतिस्पर्धी रेबेका कीटने स्वतःचं काडतूस, म्हणजे गॅसची छोटी नळी, दिलं, तेव्हा कुठे चाक फुगलं. क्रिसी जिंकलीच, पण दरवेळी रेबेका भेटेल असं नाही.

सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), 16 ग्रॅमची दोन काडतुसं आणि त्यांचं हेड (काडतूस व्हॉल्वला जोडणारं तोंड) ठेवा. चाकाची रिम (टायर बसतो ती कडी) खोल असेल तर ट्यूबचा व्हॉल्व तेवढा लांब आहे ना, हे घरीच बघा. इथेच बरेच जण फसतात.

मागचं चाक असेल तर काढण्यापूर्वी चेन मागच्या सर्वांत लहान दातेरी चकतीवर आणा. टायरची एकच बाजू काढा. आतून बोट हळू फिरवून काटा किंवा काच शोधा. ती राहिली तर नवी ट्यूबही गेलीच. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा तोंडाने भरा, म्हणजे ती पिळली जात नाही. टायरची शेवटची कड अंगठ्यांनी चढवा, लिव्हरने ट्यूब चिमटते. मग टायर दोन्हीकडून दाबून ट्यूब कुठे डोकावत नाही ना, ते बघा.

आता गॅस. प्रेस्टा व्हॉल्वचं (बारीक, टोकाला स्क्रू असलेला व्हॉल्व) टोक सैल करा, हेड घट्ट बसवा, मगच काडतूस पिळा. घाईत हेड तिरकं बसलं की सगळा गॅस बाहेर. काडतूस बर्फासारखं गार पडतं, फडक्याने धरा. सीओटू रबरातून लवकर झिरपतो, म्हणून शर्यतीनंतर तो बाहेर सोडून द्या आणि पंपाने साधी हवा भरा.